कोलंबसच्या आधी समुद्रमार्गे अमेरिकेत कोण पोहोचलं? नॉर्स आणि पॉलिनेशियन. बाकीचे दावे टिकत नाहीत

तांडेल

ऑक्टोबर आला की हा वाद दरवर्षी वर येतो. ९ तारखेला अमेरिकेत लीफ एरिक्सन डे, म्हणजे त्या व्हायकिंग दर्यावर्दीच्या नावाचा दिवस, १२ ला कोलंबस बहामाच्या बेटावर उतरला तो दिवस, आणि त्याच सुमारास आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर 'अमेरिका भारतीयांनी शोधली'चे मेसेज फिरायला लागतात. कोणी चिनी आरमार आणतं, कोणी पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा, कोणी अजून काही. मी या विषयावर मिळेल ते वाचत आलोय आणि माझं मत पक्कं आहे, ते सरळ मांडतो. खोडायचं असेल तर जरूर खोडा, पण काहीतरी हातात घेऊन या.

माझी अट एकच. खूण जमिनीत सापडली पाहिजे, नाहीतर रक्तात. इथली मूर्ती तिथल्यासारखी दिसते, इथला खेळ तिथल्यासारखा आहे, याला मी पुरावा धरत नाही.

या अटीवर नॉर्स लोक, म्हणजे ज्यांना आपण सरसकट व्हायकिंग म्हणतो ते, अगदी स्वच्छ पास होतात. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज नावाचं छोटं गाव आहे. हेल्गे इंगस्टाड हा नॉर्वेजियन माणूस किनाऱ्या-किनाऱ्याने चौकशी करत १९६० मध्ये तिथे पोहोचला, गावातल्या जॉर्ज डेकरने त्याला गवताखालचे उंचवटे दाखवले, आणि मग हेल्गेची बायको ॲन स्टीन, जी स्वतः पुरातत्त्वाची अभ्यासक होती, तिने पुढची काही वर्षं तिथे उत्खनन केलं. गवताळ मातीच्या ढेपांनी बांधलेल्या आठ इमारती, लोखंड गाळल्यावर उरणारा मळ, होडीचे खिळे, अंगावरचं वस्त्र अडकवायची काशाची पिन, चातीची दगडी चकती. तिथले मूळ लोक लोखंड गाळत नव्हते, त्यामुळे हे कोणाचं हा प्रश्नच उरला नाही.

आणि २०२१ ला तर थेट वर्षच मिळालं. इ.स. ९९३ च्या सुमारास अवकाशातून किरणोत्सर्गाचा मोठा लोट पृथ्वीवर आला होता, त्या वर्षीच्या झाडांच्या कड्यांत कार्बन-१४ एकदम वाढलेला दिसतो. लान्स ओ मेडोजला धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडाचे तुकडे होते, तीन वेगवेगळ्या झाडांचे. प्रत्येकात ९९३ चं कडं शोधायचं आणि तिथून सालीपर्यंत मोजत जायचं. तिन्हींचं उत्तर एकच आलं, १०२१. कोलंबसच्या ४७१ वर्षं आधी. अशी तारीख हातात आल्यावर आणखी काय पाहिजे?

दुसरे पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक. यांच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. होकायंत्र नाही, लोखंडाचा खिळा नाही, दोन होड्या शेजारी बांधून केलेली नाव, तारे, लाटांची दिशा आणि पक्षी बघत या लोकांनी हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई म्हणजे ईस्टर आयलंड एवढा पसारा गाठला. रापा नुईसारखा ठिपका ज्यांना सापडला त्यांना त्याच दिशेने पुढे साडेतीन हजार किलोमीटरवर असलेला आख्खा खंड सापडला नसेल हे मला पटत नाही. आणि हा नुसता तर्क नाहीये. रताळं हे मूळ अमेरिकेचं पीक. कुक बेटांपैकी मंगाइया बेटावर युरोपियन यायच्या आधीच्या थरात जळालेली रताळी मिळालीत. २०२० मध्ये ८०७ लोकांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यात पूर्व पॉलिनेशियातल्या बेटांवर मूळ अमेरिकी रक्त मिसळल्याचं दिसलं, तेही इ.स. १२०० च्या आसपासचं, आणि त्याचं सगळ्यात जवळचं नातं कोलंबियातल्या झेनू लोकांशी. २०२४ मध्ये रापा नुईच्या १५ जणांच्या जुन्या अवशेषांचे जीनोम तपासले, तिथेही साधारण १० टक्के मूळ अमेरिकी वाटा निघाला, मिश्रणाचा काळ १२५० ते १४३०.

चिनी आरमाराचं थोडक्यात. 'झेंग हे' या चिनी दर्यासारंगाच्या १४०५ ते १४३३ मधल्या सात सफरी खऱ्या, तो कालिकतला आला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत त्याची जहाजं गेली. ती अमेरिकेला गेली हे गॅव्हिन मेंझिस या निवृत्त ब्रिटिश पाणबुडी अधिकाऱ्याने २००२ मध्ये लिहिलं आणि ते खूप खपलं. पण आरमाराबरोबर असलेला मा हुआन कालिकतच्या बाजारात हातात हात घेऊन भाव कसा ठरतो इतकं बारीक लिहून ठेवतो, तो नवीन खंडाबद्दल एक ओळ लिहीत नाही. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

---

सोमेश्वर_के

तांडेल, तुमचं वाचन दांडगं आहे पण भारताची बाजू तुम्ही व्हॉट्सॅप मेसेज म्हणून एका वाक्यात उडवलीत हे बरोबर नाही. म्हैसूरजवळच्या सोमनाथपूरचं केशव मंदिर बघितलंय का? होयसळांचं, तेराव्या शतकातलं. तिथल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत. हे मी म्हणत नाही, ओरेगॉन विद्यापीठातले कार्ल जोहानसन यांनी पार्कर यांच्याबरोबर १९८९ मध्ये वनस्पतीशास्त्राच्या जर्नलमध्ये छापलंय, दाण्यांच्या ओळी, कणसाचा निमुळतेपणा, सगळं तपासून. मी स्वतः ती शिल्पं जवळून बघितली आहेत आणि आयुष्यभर मका बघितलेल्या माणसाला ते दुसरं काही वाटूच शकत नाही. आणि खेळांचं म्हणाल तर अ‍ॅझ्टेकांचा पातोली घ्या, फुलीच्या आकाराचा पट, फाशांऐवजी खुणा केलेल्या बिया, आणि आपली पचीसी घ्या. एडवर्ड टायलरसारख्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की हा खेळ आशियातून तिकडे गेला असणार. तो काही भारताचा अभिमानी नव्हता. मग आपणच आपल्या लोकांवर इतका अविश्वास का दाखवायचा? चोळांची जहाजं सुमात्रातल्या श्रीविजय राज्यापर्यंत जात होती हे तर सगळ्यांना मान्य आहे ना?

---

कृषिकन्या

सोमेश्वरजी, मक्याबद्दल बोलते कारण शिक्षण त्यातलंच आहे. जोहानसन यांच्या लेखाला भारतातल्याच मका संशोधकांनी, पायक आणि सचान यांनी, १९९३ मध्ये उत्तर दिलं होतं. त्यांचं म्हणणं ते मुक्ताफल आहे, मोत्यांनी मढवलेलं शिल्पातलं काल्पनिक फळ. तुम्हाला ते पटणार नाही, ठीक आहे, दोघांची मतं बाजूला ठेवा.

मक्याचा एक गुण बघा. मका स्वतःहून पेरला जात नाही. कणीस आवरणात बंद असतं, दाणे गळून पडत नाहीत, माणसाने सोलून पेरल्याशिवाय हे पीक टिकतच नाही. म्हणजे होयसळांच्या कारागिराने कणसं बघून कोरली असतील तर आसपास कोणीतरी मका पेरत होतं, काढत होतं, साठवत होतं, आणि चुलीत कुठेतरी दाणे जळत होते. जळालेला दाणा हजारो वर्षं टिकतो. आपल्याकडे शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनं जळकं जव निघालं, गहू निघाला, डाळी निघाल्या. त्याच्या खूप अलीकडचा, जेमतेम साडेसातशे वर्षांपूर्वीचा मका मग कुठे आहे? परागकणही टिकतात, मक्याचा परागकण मोठा असतो आणि ओळखायला सोपा जातो.

आणि पीक म्हणून विचार करा. पोर्तुगीजांबरोबर आला तेव्हा मका बघता बघता डोंगरापर्यंत पोहोचला. इतकं उपयोगी पीक तेराव्या शतकात एका राज्यात येतं, मंदिरात कोरलं जातं आणि मग कुठल्याच ताटात, कुठल्याच कोठारात दिसत नाही हे शेतकऱ्याच्या वागण्यात बसत नाही.

---

सोमेश्वर_के

कृषिकन्या ताई, तुम्ही दाणा मागितलात ना? मग दाण्याचंच सांगतो. उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा नावाचं स्थळ आहे. तिथे सीताफळाचं जळालेलं बी मिळालं आणि कार्बन डेटिंगने ते साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं निघालं, पोखरिया आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रेडिओकार्बनच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध केलंय. सीताफळ अमेरिकेचं झाड, याबद्दल तर तुमचा वाद नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनेही भारहूतच्या स्तूपावरच्या शिल्पांमध्ये सीताफळ ओळखलं होतं. तांडेलांची अट होती की खूण जमिनीत पाहिजे, ही घ्या जमिनीतली खूण. आता अट बदलू नका एवढीच विनंती.

---

तांडेल

अट बदलत नाही. टोकवाचं बी हा भारताच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो मी मक्याच्या शिल्पासारखा बाजूला टाकणार नाही. पण सीताफळाच्या कुळात आशियातल्या जाती पण आहेत, आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो उंच सरळसोट अशोक त्याच कुळातला. जळालेल्या बीवरून जात ठरवायची तर दुसऱ्या लॅबने स्वतंत्र ओळख पटवायला हवी, बीला स्पर्श न केलेल्या माणसांनी.

समजा ते सीताफळच आहे. तरी त्यावरून भारतीय माणूस अमेरिकेत गेला असं कसं निघतं? मेक्सिकोचा माणूस इकडे आला का? बी मधल्या कुठल्या बेटावरून हातोहात आलं का? दुधी भोपळ्याचं उदाहरण बघा. अमेरिकेत दहा हजार वर्षांपूर्वीचे दुधी मिळतात. २००५ मध्ये डीएनए बघून म्हणाले आशियातून माणसांबरोबर गेला, २०१४ मध्ये जास्त नमुने घेऊन बघितलं तर आफ्रिकेतल्या दुधीशी जुळला, समुद्रात तरंगत गेला असणार. एका वनस्पतीवरून माणसाचा प्रवास सिद्ध होत नाही, तिच्या जोडीला दुसरं काहीतरी लागतं. पॉलिनेशियाच्या बाबतीत रताळ्याच्या जोडीला रक्त आहे. भारताच्या बाबतीत जोडीला काय आहे?

पचीसीचं म्हणाल तर १९५० मध्ये चार्ल्स इरॅस्मस याने टायलरच्या मुद्द्याला चांगलं उत्तर दिलंय. पटावर सोंगट्या, पुढे किती जायचं ते ठरवायला काहीतरी फेकायचं, एवढं एकदा ठरलं की आकारांचे पर्याय मोजकेच उरतात. दोन ठिकाणी एकच कल्पना सुचणं इतकं दुर्मिळ नसतं.

---

मिनेसोटाकर

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो त्यामुळे या वादाची दुसरी बाजू रोज बघतो. इथे अलेक्झांड्रिया गावात केन्सिंग्टन रूनस्टोन नावाचा दगड खास म्युझियम करून ठेवलाय. १८९८ मध्ये ओलोफ ओहमन या स्वीडिश शेतकऱ्याला शेत साफ करताना झाडाच्या मुळांत अडकलेला मिळाला, त्यावर रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीत कोरलंय की १३६२ मध्ये आम्ही इथे आलो, आमची माणसं मेली. भाषेचे बहुतेक जाणकार सांगतात की ही चौदाव्या शतकातली भाषा नाही, एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडिश माणसाची वळणं त्यात आहेत. तरी आजही इथे असे लोक भेटतात जे डोळ्यांत पाणी आणून सांगतात की दगड खरा आहे. येल विद्यापीठाने १९६५ मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेला व्हिनलंडचा (नॉर्स लोकांनी अमेरिकेतल्या त्या भागाला दिलेलं नाव) नकाशा घ्या, शाईत टायटॅनियम निघालं, असली शाई विसाव्या शतकातली, आणि २०२१ मध्ये येलनेच तो बनावट असल्याचं सांगितलं.

मला म्हणायचंय ते हे की नॉर्स लोक खरंच आले होते आणि तरीही त्यांच्या नावावर खोटे पुरावे तयार झाले, कारण इथे नव्याने आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांना इटालियन कोलंबसच्या आधी आपण होतो हे हवं होतं. इटालियन लोकांना कोलंबस तितकाच जिवाभावाचा. सोमेश्वर, तुमची भावना मला कळते, आम्हीही इथे दूर येऊन राहिलोय, आपलं कोणीतरी इथे आधी आलं होतं असं ऐकायला छान वाटतं. पण हे वाटणं पुराव्याच्या आधी येतं तिथेच गडबड होते.

---

अदिती_ब

मला तांडेल यांच्या मूळ अटीशीच भांडायचंय.

१९५९ साली तुम्ही हीच अट लावली असती तर नॉर्सही नापास झाले असते. तेव्हा काय होतं हातात? दोन आइसलँडी सागा, म्हणजे जुन्या गद्य कथा, त्याही घटनेनंतर दोनेकशे वर्षांनी लिहिलेल्या. लीफ, थॉरफिन आणि गुडरिड हे जोडपं, व्हिनलंडमध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा स्नोरी, सगळं गोष्टीतलं. आणि गोष्ट खरी निघाली. मग मालीच्या गोष्टीला तुम्ही एवढ्या सहज नापास का करता?

काय गोष्ट आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला, तिथे त्याला विचारलं तू राजा कसा झालास, तर त्याने सांगितलं की माझ्या आधीच्या राजाला समुद्राचं दुसरं टोक बघायचं होतं, त्याने आधी काहीशे नावा पाठवल्या, एकच परत आली, तिने सांगितलं की समुद्राच्या मधोमध नदीसारखा जोरदार प्रवाह आहे, त्यात बाकीच्या ओढल्या गेल्या, तर राजा स्वतः दोन हजार नावा घेऊन निघाला आणि परत आला नाही. अल-उमरी या त्या काळच्या अरब लेखकाने हे लिहून ठेवलंय. मूसाला ही गोष्ट रचून फायदा काय होता? उलट आपल्या घराण्याचा राजा समुद्रात हरवला हे सांगायला त्याला कमीपणाच वाटायला हवा. आणि प्रवाहाचं वर्णन! आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून नाव पश्चिमेकडे ओढली जाते हे आज कोणीही खलाशी सांगेल. पोर्तुगीज कब्राल १५०० मध्ये तेरा जहाजं घेऊन भारताकडेच निघाला होता ना, कालिकतला यायचं म्हणून, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून लांब पश्चिमेकडे गेला आणि ब्राझीलला लागला. सेनेगलपासून ब्राझीलचं टोक तीन हजार किलोमीटर, म्हणजे तुमच्या लाडक्या रापा नुई ते चिलीपेक्षा कमी.

मेक्सिकोतल्या प्राचीन ऑल्मेक लोकांची मोठी दगडी डोकी आफ्रिकन आहेत हे मी म्हणत नाहीये, तो व्हॅन सर्टिमा या लेखकाचा दावा, आणि ऑल्मेक मालीच्या दोन हजार वर्षं आधीचे, ते मला अजिबात मान्य नाही. मी फक्त त्या हरवलेल्या नावांबद्दल बोलतेय.

---

तांडेल

अदिती, फरक सांगतो. सागा एकट्या नव्हत्या. ग्रीनलंडमध्ये नॉर्स लोक ९८५ च्या सुमारापासून राहत होते, त्यांची शेतं, चर्च, कबरी सगळं होतं, म्हणजे अमेरिकेच्या दारातच पक्का तळ होता. आइसलंडच्या नोंदीत १३४७ मध्ये मार्कलंडहून, म्हणजे ग्रीनलंडच्या पश्चिमेकडच्या भूमीवरून, परत येताना भरकटलेलं जहाज आल्याचं आहे, आणि ही गोष्ट नसून वार्षिक नोंद आहे. मिलानच्या गाल्व्हानेओ फियाम्मा या धर्मगुरूने १३४० च्या सुमारास ग्रीनलंडच्या पलीकडच्या 'मार्कालादा' या भूमीबद्दल लिहिलंय, जिनोआच्या खलाशांकडून ऐकून. हे हस्तलिखित आत्ता आत्ता उजेडात आलं. फियाम्मा नंतर सापडला, पण बाकीचे बाण आधीच एकाच ठिकाणी दाखवत होते म्हणून शोधणारे तिथे गेले. मालीच्या नावांमागे कुठलं तळ-बंदर, कुठली समुद्री परंपरा? तो देश नायजर नदीच्या काठचा.

नावा गेल्या असतील. त्यातली एखादी लागलीही असेल किनाऱ्याला. पण 'असेल' हा शब्द काढून टाकायला मला एक खापर पाहिजे, एक मणी पाहिजे.

---

अदिती_ब

ब्राझीलच्या किनाऱ्यावर चौदाव्या शतकातल्या मालीचं खापर कसं दिसतं हे ओळखणारे किती जण आजपर्यंत खणायला गेले? शोधलंच नाही तर सापडणार कसं. नॉर्स लोकांसाठी नॉर्वेतून माणूस आला, पैसे आले, बोटी आल्या. मालीसाठी कोण येणार होतं? पुरावा नाही आणि पुरावा शोधला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच मार्क देताय, हा माझा आक्षेप कायम आहे.

---

मास्तर

तुम्ही सगळे ज्यावर भांडताय ते मला इतिहासाच्या दृष्टीने दुय्यम वाटतं, स्पष्ट बोलतो. पाय कोणी ठेवला याला महत्त्व नाही. त्यानंतर काय झालं याला आहे. नॉर्स लोक आले, थोडी वर्षं राहिले, स्थानिकांशी मारामाऱ्या झाल्या, निघून गेले. जग जसं होतं तसंच राहिलं. १२ ऑक्टोबर १४९२ नंतर तीस वर्षांत अ‍ॅझ्टेकांची राजधानी पडली, १५२० ला तिथे देवीची साथ आली, माणसं पटापट मेली. आणि आपल्याकडे काय झालं? उपासाचं ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, शेंगदाणा, रताळं, मिरची, सगळं पलीकडून आलेलं. पॉलिनेशियन लोकांकडे रताळं तेराव्या शतकात असेल, पण खानदेशातल्या किंवा कोकणातल्या माणसाच्या ताटात ते कोलंबसनंतरच्या जहाजांमुळे आलं. वर्गात मुलांना शिकवताना मी हेच सांगतो. कोलंबस क्रूर होता, तो मरेपर्यंत आशियालाच पोहोचलो असं म्हणत राहिला, हे सगळं खरं. तरी जगाचे दोन तुकडे त्याच्यामुळेच जोडले गेले.

तुमच्या सगळ्या दाव्यांना आणखी एक प्रश्न. आधीपासून येणंजाणं होतं तर देवी, गोवर यांची प्रतिकारशक्ती तिथल्या लोकांत का नव्हती? घोडा का नव्हता, लोखंड का नव्हतं?

---

कृषिकन्या

मास्तर, रोगाचा मुद्दा नियमित येण्याजाण्याविरुद्ध चांगला आहे, पण एक-दोन नावा आल्या याविरुद्ध चालत नाही. देवीचा रोगी काही आठवड्यांत बरा होतो किंवा मरतो. छोट्या नावेवर सगळ्यांना एकदाच लागण होऊन साथ समुद्रातच संपते. ग्रीनलंडची वस्तीही इतकी छोटी होती की अशी साथ तिथे सतत टिकलीच नसती. त्यामुळे नॉर्स आले आणि रोग आला नाही, यात विसंगती नाही.

---

वाटसरू

मी मघापासून वाचतोय आणि मला सारखं वाटतंय की यादीच चुकीच्या जागेवरून सुरू झालीय. सगळे 'कोलंबसच्या आधी' म्हणतायत, म्हणजे मोजायची पट्टी अजून कोलंबसचीच. तिथे जे आधीपासून होते ते कसे आले याचा विचार कोणी केला? शाळेत आम्हाला शिकवलं की बर्फयुगात बेरिंगच्या ठिकाणी जमीन उघडी पडली, तिच्यावरून शिकारी चालत आले, बर्फाच्या मधल्या वाटेने खाली उतरले. ही चालत येण्याची गोष्ट आता खूप कमकुवत झालीय. चिलीत मॉन्टे व्हर्दे इथे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली, ती खणणारे टॉम डिलहे यांनी वर्षानुवर्षं टीका सोसली आणि १९९७ मध्ये विरोधकांसह तज्ज्ञ तिथे जाऊन बघून आले आणि मान्य केलं. आतली वाट तेव्हा राहण्यासारखी मोकळी झाली नव्हती. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला माणसांच्या पावलांचे ठसे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे निघाले, बियांच्या डेटिंगवर शंका घेतली तर २०२३ मध्ये परागकण आणि क्वार्ट्झ वापरून पुन्हा मोजलं, तेच उत्तर आलं. मग एवढ्या लवकर लोक कसे उतरले? किनाऱ्याकिनाऱ्याने, होड्यांतून, मासे-शिंपले-समुद्री शेवाळ खात. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता रोझा बेटावर १३ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची हाडं मिळालीत आणि समुद्र खाली होता तेव्हाही ते बेट मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं. पोहत गेला का तो? होडी होती.

म्हणजे तांडेल, तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं खरं उत्तर आजच्या मूळ अमेरिकी लोकांचे पूर्वज. नॉर्स आणि पॉलिनेशियन नंतरचे पाहुणे. आदिवासी समाजातला आहे म्हणून हे जास्त टोचतं. कुठेही असो, जमिनीवर आधी असलेल्या माणसाला मोजायचंच नाही आणि मग पहिला कोण यावर बाहेरच्यांनी भांडायचं.

---

तांडेल

वाटसरू भाऊ, किनारी मार्गाची बाजू तुम्ही मांडलीत ती माझ्याही मते सगळ्यात मजबूत आहे. पण किनारा नजरेत ठेवून हजारो वर्षांत पुढे सरकत जाणं आणि किनारा सोडून मोकळा महासागर पार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझा प्रश्न दुसऱ्या कामाचा आहे. पहिल्या कामाचं श्रेय कोणाचं यावर माझा वादच नाही, ते निर्विवाद त्यांचं.

---

वाटसरू

मग शीर्षकात 'महासागर ओलांडून' लिहायला हवं होतं. 'समुद्रमार्गे' म्हटलं की माझे लोक त्यात येतात.

---

अदिती_ब

आता पॉलिनेशियावर येते, कारण तांडेल यांचा तो लाडका आहे आणि त्यांची स्वतःची अट तिथे ते सैल सोडतात. डीएनए सांगतो की दोन समाज भेटले. कोण कोणाकडे गेलं हे सांगत नाही. २०२० च्या त्याच पेपरात लिहिलंय की दक्षिण अमेरिकेतले लोक पश्चिमेकडे वाहत गेले असण्याची शक्यता आहे. पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोचा खलाशी बार्तोलोमे रुईझ याने १५२६ च्या सुमारास इक्वाडोरच्या समुद्रात सुती शिडं लावलेला बाल्सा या हलक्या लाकडाचा मोठा तराफा पकडला होता, व्यापारी मालाने भरलेला. म्हणजे त्यांच्याकडे शिडाची नाव होती. वारा आणि प्रवाह दोन्ही पश्चिमेकडे. नॉर्वेच्या थॉर हायरडालने १९४७ मध्ये पेरूहून तराफा सोडला आणि १०१ दिवसांत पॉलिनेशियातल्या रारोइया प्रवाळबेटाला लागला. त्याचे वंशाबद्दलचे विचार चुकीचे होते, पॉलिनेशियन मूळचे अमेरिकेतले हे त्याचं म्हणणं तर साफ खोटं ठरलं, पण एखादा तराफा पोहोचू शकतो हे त्याने करून दाखवलं. आणि रताळं? २०१८ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत १७६९ मध्ये गोळा केलेल्या रताळ्याचा डीएनए काढला, तो अमेरिकेतल्या रताळ्यापासून लाखभर वर्षांपूर्वीच वेगळा झालेला दिसला. म्हणजे माणसाशिवाय गेलं असेल.

तर तुमच्या अटीप्रमाणे अमेरिकेच्या जमिनीत पॉलिनेशियन खापर, गळ, दगडी वाकस, काहीतरी दाखवा. नाहीतर मालीला आणि पॉलिनेशियाला एकाच बाकावर बसवा.

---

तांडेल

एका बाकावर नाही बसवणार, का ते सांगतो.

१७६९ चा तो नमुना एका झाडाचा, अडीचशे वर्षं कागदात दाबून ठेवलेला, त्यावर सगळ्या पॉलिनेशियाचं रताळं तोलता येत नाही. हायरडालचा तराफा तर नौदलाच्या बोटीने किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटर ओढत नेऊन सोडला होता. आणि तो एका दिशेने जाणारा प्रवास, परतीचं काय? पॉलिनेशियन लोक येणं आणि जाणं दोन्ही करत होते. १९७६ मध्ये होकुलेआ ही जुन्या पद्धतीची जोडनाव माउ पियाइलुग या वाटाड्याने एकही यंत्र न वापरता हवाईहून ताहितीला नेली, तेव्हापासून ते वाहत गेले असतील म्हणणाऱ्यांचा आवाज बराच कमी झाला. दहाव्या ते तेराव्या शतकात सबंध पॅसिफिकमध्ये अशा मोहिमा कोण काढत होतं, तराफेवाले का जोडनाववाले? मिश्रणाची तारीख नेमकी त्याच काळात पडते जेव्हा हे लोक पूर्वेकडे एकेक बेट गाठत होते.

आणि जमिनीतलं म्हणाल तर चिलीच्या किनाऱ्यावर एल अरेनालला कोंबडीची हाडं मिळालीत. २००७ मध्ये कार्बन डेटिंग झालं, काळ साधारण १३०० ते १४२५ च्या मधला. कोंबडी आशियातली. ती रताळ्यासारखी समुद्रात तरंगत येत नाही, पक्षी म्हणून महासागर उडून येत नाही, तिला नावेत पिंजऱ्यात घालून, दाणापाणी देऊन आणावं लागतं. पॉलिनेशियन प्रत्येक बेटावर कोंबडी घेऊनच जात. त्या तारखेवर २००८ पासून आक्षेप आहेत, मला माहितीये, पक्ष्याने समुद्रातलं अन्न खाल्लं असेल तर कार्बनची तारीख जुनी दिसू शकते आणि तो डीएनए प्रकार जगभरच्या कोंबड्यांत मिळतो. मूळ टीमने पुन्हा हाडं तपासून उत्तर दिलं की अन्न जमिनीवरचंच होतं. मला त्यांचं उत्तर पुरेसं वाटतं.

---

अदिती_ब

मला नाही वाटत. दोन टीम गेली कित्येक वर्षं एकाच साइटच्या हाडांवर भांडतायत त्याला मी निकाल म्हणणार नाही. दुसऱ्या साइटवर, दुसऱ्या लोकांनी खणलेली, १४९२ च्या आधीच्या थरातली कोंबडी आणा, मी गप्प बसते. तोपर्यंत पूर्व पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांवरही खणा, कारण मिश्रणाची सगळ्यात जुनी तारीख तिथलीच आहे आणि तिथे इक्वाडोरचं खापर निघालं तर दिशा उलटी ठरेल.

---

सोमेश्वर_के

आणि टोकवाच्या बीचं पण करा. दुसरी लॅब, वेगळी माणसं, बीला कधीच हात न लावलेली, तांडेलांनी सांगितलं तसंच. मला त्या निकालाची भीती वाटत नाही.

---

तांडेल

दोन्ही व्हायला हवं. चिलीत मोचा बेटावर आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर आधी खणा असं मी म्हणेन, तिथल्या जुन्या कवट्यांचा आकार पॉलिनेशियन वाटतो असा दावा काही संशोधकांनी केलाय, आणि आकारावर मी कधीच भरवसा ठेवत नाही हे वर म्हटलंय, त्यामुळे त्यांचा डीएनए काढला पाहिजे.